पिवळ्यातून जांभळ्यात: आमच्या दाळमिलच्या झोनची पाच वर्षं

मागच्या महिन्यात तिघांनी वेगवेगळं विचारलं की तुमच्या मिलच्या झोनचं (म्हणजे गावाच्या विकास आराखड्यात जागेचा वापर रहिवासी, औद्योगिक की शेती ठरलाय त्याचं) काय झालं, कसं केलं, कोणाला भेटायचं. तिघांना फोनवर अर्धं अर्धं सांगितलं, म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढावं. गावाचं नाव लिहीत नाही. खान्देशातलं नगरपरिषदेचं गाव आहे एवढं पुरे.

आमची दाळमिल माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, १९९६ ला सुरू केली. तेव्हा तिकडे सगळं शेत होतं, रस्त्याच्या एका बाजूला कपाशी आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. एकूण जमीन १ हेक्टर २० आर, त्यातली ४० आर औद्योगिक बिनशेती केलेली आणि बाकी ८० आर शेतीचीच. मी लग्न होऊन आले २००८ ला, बीकॉम असल्यामुळे हिशोबाच्या वह्या आपोआप माझ्याकडे आल्या आणि वह्यांच्या मागे मागे सगळी सरकारी कामंही. मशीनचं नवरा बघतो, माल नाना बघतात.

२०१८ च्या दिवाळीनंतर आम्ही सॉर्टेक्स मशीन घ्यायचं ठरवलं. खडा आणि काळा दाणा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या झोताने बाजूला काढणारं ते मशीन, त्याच्याशिवाय आता फटका दाळीला भाव मिळत नाही. त्याला वेगळा बंद शेड लागणार होता. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, सगळं ठीक आहे, फक्त झोन दाखला आणा आणि शेडची बांधकाम परवानगी आणा. मला वाटलं दोन दिवसांचं काम.

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार. नगरपरिषदेत झोन दाखल्याचा अर्ज द्यायला गेले. तिथल्या क्लार्कने गट नंबर बघितला, ड्रॉवर उघडला, बंद केला आणि म्हणाले, ताई, आधी वर हॉलमध्ये जाऊन नकाशा बघून या. कसला नकाशा? तर नवीन विकास आराखडा, म्हणजे सगळे ज्याला डीपी म्हणतात तो, प्रारूप म्हणून २१ जानेवारीलाच प्रसिद्ध झालेला. राजपत्रात आलं, पेपरात आलं, बोर्डावर लागलं, आणि आम्हाला पत्ताच नाही. हरकत द्यायला ३० दिवस, म्हणजे २० फेब्रुवारीपर्यंत. माझ्या हातात होते सोळा दिवस.

हॉलमध्ये भिंतीभर नकाशा. पहिली गोष्ट सांगते, गट नंबर इतक्या बारीक अक्षरात असतात की उघड्या डोळ्यांनी दिसत नाहीत, मोबाईलने फोटो काढून झूम करून बघा. आणि नकाशे दोन असतात हेही मला तिथेच कळलं. एक सध्याचा जमीन वापर, म्हणजे आज त्या जागेवर काय आहे ते, आणि दुसरा प्रस्तावित, म्हणजे पुढे काय असावं ते. लोक सगळे दुसऱ्याच्या पुढे गर्दी करतात. मी पण तेच केलं. आमच्या गटावर पिवळा रंग. पिवळा म्हणजे रहिवासी. जांभळा म्हणजे औद्योगिक, तो जांभळा आमच्यापासून दीड किलोमीटर लांब, जिथे अजून एक शेडसुद्धा नाहीये. वरून आमच्या पूर्वेच्या कडेतून १२ मीटरचा रस्ता काढलेला.

मग पहिल्या नकाशाकडे गेले आणि तिथे खरा घोळ दिसला. सध्याच्या वापरात आमच्या मिलचा फक्त जुना शेड एका ठिपक्याएवढा, तोही गोडाऊनसारखा दाखवलेला, आणि बाकी सगळी जागा 'मोकळी'. मोकळी! ज्या पटांगणावर वर्षाचे सात-आठ महिने तूर वाळते ते पटांगण मोकळं. सर्व्हेला माणसं आली असतील जुलै-ऑगस्टात, तेव्हा पटांगण रिकामं असतं हे खरं आहे, त्यांनाही काय बोलणार.

घरी येऊन नानांना मोबाईलवर फोटो दाखवला. चष्मा लावून खूप वेळ बघत राहिले, बोट त्या पिवळ्यावर ठेवलं आणि त्यांच्या अहिराणीत विचारलं, "हाई पिवळं काय शे?" मी सांगितलं. मग म्हणाले, "जमीन आपली, मिल आपली, आनि रंग त्यास्ना?" आणि उठून मिलवर निघून गेले. रात्री जेवले नाहीत धड.

आता इथे एक गंमत आहे जी बाहेरच्या माणसाला कळत नाही. गावात त्या महिन्यात जो तो हरकतीच लिहीत होता, पण सगळ्यांची मागणी एकच, आमचा हिरवा पिवळा करा. कारण शेती झोनमधली जमीन रहिवासी झाली की भाव कुठल्या कुठे जातो. आमची फुकटात पिवळी झालेली आणि आम्ही रडतोय! सुरतहून दिरांचा फोन आला, "वहिनी, लॉटरी लागली म्हणा, प्लॉट पाडा, विका, मिल एमआयडीसीत न्या." हे बोलायला सोपं आहे. मी वहीत मांडून बघितलं. मशीन हलवायचा खर्च, नवीन वीज कनेक्शन, एमआयडीसीतल्या प्लॉटचं प्रीमियम, आणि मुख्य म्हणजे आमचा माल जवळपासच्या चाळीस-पन्नास गावांतून थेट येतो, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहतो, तो तीस किलोमीटर लांब येणार नाही. शिवाय चौदा माणसं कामाला, त्यातल्या नऊ बाया पायी येतात. दिरांना राग आला, त्यांचाही हिस्सा आहे जमिनीत. तो विषय घरात पुढे दोन वर्षं धगधगत होता, इथे जास्त लिहीत नाही.

पिवळा राहिला असता तर मिल दुसऱ्या दिवशी बंद झाली असती का? नाही. आधीपासून कायदेशीर चालू असलेला वापर रंग बदलला म्हणून लगेच कोणी बंद करत नाही. पण वाढ अडकते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम ४६ आहे, त्यात लिहिलंय की बांधकाम परवानगी देताना प्रारूप आराखडासुद्धा विचारात घ्यायचा. म्हणजे आराखडा अजून मंजूर नाही, तरी आमचा नवीन शेड आजच अडकला. झोन दाखला नाही तर लोन नाही, लोन नाही तर सॉर्टेक्स नाही, सॉर्टेक्स नाही तर पाच वर्षांनी मिल तशीही बंदच.

अजून एक, हे मला नंतर एका निवृत्त ड्राफ्ट्समन काकांनी सांगितलं. आमची जागा हिरवी दाखवली असती तरी एक वेळ निभावलं असतं, कारण शेतमालावर प्रक्रिया करणारे काही उद्योग शेती झोनमध्येही अटींवर चालतात. पिवळ्यातच अडचण. रहिवासी झोनमध्ये पिठाची गिरणी वगैरे छोटं चालतं, त्यालाही एचपी, कामगार, जागा सगळ्याची मर्यादा, आणि दाळमिल त्यात बसत नाही.

५ फेब्रुवारीपासून कागद शोधणं सुरू. मूळ बिनशेती आदेश कुठे आहे कोणालाच आठवेना. कपाटं झाली, माळा झाला, शेवटी सासूबाईंच्या लोखंडी ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली, डांबरगोळीच्या वासात, गंजलेल्या टाचणीने टोचलेला सापडला. टाचणीचा गंज कागदावर उतरून नेमका आदेशाच्या तारखेवर डाग. त्याच्याखाली बिनशेती साऱ्याच्या पावत्या, नानांनी दर वर्षी भरलेल्या, एकही वर्ष सोडलेलं नाही. त्या पावत्यांनी पुढे आम्हाला वाचवलं, कारण सातबारा काढला तर त्यावर अजून 'जिरायत'! १९९६ च्या आदेशाचा फेरफारच कधी झाला नव्हता. आदेश घरी आणला, ट्रंकेत ठेवला, तलाठ्याकडे कोणी दिलाच नाही. २३ वर्षं सरकारच्या दृष्टीने आम्ही शेतात तूर पेरत होतो.

त्यामुळे सगळ्यांना पहिलं हे सांगते, आज तुमचा सातबारा उघडून बघा. बिनशेती आदेश असला आणि फेरफार नसला तर सर्व्हेवाल्याला तुमचा कारखाना दिसणारच नाही. फेरफाराचा अर्ज मी ८ तारखेला दिला, नोंद व्हायला मे उजाडला, पण अर्जाची पोच हरकतीला जोडता आली.

हरकत कशी लिहायची ते कोणी सांगत नाही. एक जण भेटला, म्हणाला वहिनी पन्नास हजार द्या, रंग मी बदलून आणतो. त्याला चहा पाजला आणि पाठवून दिला. त्या ड्राफ्ट्समन काकांनी मला एक चांगलं सांगितलं की समितीपुढे शेकडो अर्ज असतात, तुमची मागणी पहिल्या दोन ओळीत यायला पाहिजे, रडगाणं नंतर. म्हणून मी असं लिहिलं, गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, प्रारूप आराखड्यात रहिवासी दर्शवले आहे, ते औद्योगिक दर्शवावे, आणि पूर्वेचा रस्ता शेजारच्या मोकळ्या गटातून सरकवावा. मग कारणं, एका पानात. मग जोडपत्रं: बिनशेती आदेश, साऱ्याच्या पावत्या, १९९६ पासूनच्या औद्योगिक वीज कनेक्शनचं पहिलं बिल आणि चालू बिल, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र (दाळमिल मंडळाच्या हिरव्या, म्हणजे कमी प्रदूषणाच्या कॅटेगरीत येते, लाल-नारिंगीत नाही, हे मुद्दाम अधोरेखित केलं), नगरपरिषदेनेच औद्योगिक दराने आकारलेल्या घरपट्टीच्या पावत्या, बाजार समितीचं लायसन्स. नगरपरिषदेला नगरपरिषदेचीच पावती दाखवायला मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आर्किटेक्टने भाग नकाशावर आमची जागा लाल पेनाने आखून दिली, त्याचे आणि बाकी ड्रॉइंगचे मिळून सुरुवातीला ९ हजार गेले. तातडीची मोजणी भरली पण ती सोळा दिवसांत होत नसतेच, झाली एप्रिलमध्ये. हरकत १८ फेब्रुवारीला दिली, दोन प्रतींमध्ये. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या मागे उभ्या काकांनी घेतला नाही आणि सुनावणीच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं.

मग थांबणं. १० मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, आमच्याकडे मतदान एप्रिलच्या शेवटी, निकाल २३ मेला, तोपर्यंत कोणी काही बोलायला तयार नाही. ऊन ४५ च्या घरात. मधल्या काळात समजलं की आमच्या विरोधातही हरकत आली आहे. मिलच्या दक्षिणेला २०१२ नंतर प्लॉट पडले, तिथे तीस-बत्तीस घरं झालीत, त्यांनी सह्या करून दिलं होतं की हा भाग रहिवासीच ठेवावा, दाळमिलची धूळ आणि आवाज होतो. पहिली सही एका शाळेतल्या सरांची.

नवरा चिडला, मिल आधी की घरं आधी! बरोबर आहे त्याचं. पण मी एकदा संध्याकाळी सरांच्या घरी गेले. त्यांनी बसवलं, चहा केला, आणि खिडकीच्या जाळीवरून बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. तुरीच्या टरफलाची तांबूस पूड. आत त्यांच्या आई खाटेवर बसलेल्या, हातात दम्याचा पंप. सर म्हणाले, "वहिनी, तुमच्याशी भांडण नाही, पण मी हे घर घेतलं तेव्हा प्लॉटवाला म्हणाला होता मिल वर्षभरात जाणार आहे." आता त्या प्लॉटवाल्याला कुठे शोधायचं. मला काय बोलावं सुचेना. चहा प्यायले आणि आले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की झोन काहीही होवो, आपण धूळ पकडायचं मशीन बसवायचं. त्याला ३ लाख ८० हजार लागले, सायक्लोन आणि बॅग फिल्टर दोन्ही, त्या वर्षीचं सगळं मार्जिन त्यात गेलं. तूर घासायचे रोल रात्री नऊनंतर बंद ठेवायचे हेही ठरवलं, सीझनला ते जड जातं.

सुनावणी १९ जून २०१९. नोटिशीत वेळ ११ ची, नंबर लागला सव्वाचारला, त्यामुळे डबा न्या. नियोजन समिती म्हणजे कायद्याप्रमाणे नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. टेबलावर हरकतींचे गठ्ठे, कूलरचा आवाज, मला वाटलं होतं कोर्टासारखं असेल पण तसं काही नाही, पाच-सात मिनिटं मिळतात. नाना सोबत होते, पांढरा सदरा-टोपी घालून.

समितीत एक निवृत्त नगररचनाकार होते, त्यांनीच काय ते विचारलं. मूळ आदेश आणलाय का. दिला. गंजाच्या डागातून त्यांनी तारीख वाचली. एचपी किती, माणसं किती. सांगितलं. मग म्हणाले, शेड तर लहान आहे, बाकी मोकळी जागाच आहे ना, तेवढा शेड औद्योगिक ठेवू, बाकी रहिवासी राहू द्या. इथे माझं तोंडच बंद झालं, कागदात याचं उत्तर नव्हतं. नाना उठले. मराठीतच बोलले, जमेल तसं. साहेब, तूर आधी रोलवर घासायची, वरचं साल खरचटलं पाहिजे, मग तिला तेल लावायचं, मग ढीग करून रात्रभर ठेवायची, मग पटांगणावर दोन-तीन दिवस, कधी पाच दिवस ऊन द्यायचं, तेव्हा कुठे साल सुटतं, मग फोडायची. शेडमध्ये तूर दोन तास असते साहेब, पटांगणावर चार दिवस. मिल तर बाहेरच आहे, शेडमध्ये फक्त मशीन आहे.

त्या साहेबांनी पेन्सिलने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला जानेवारीत कळलं.

विधानसभेची आचारसंहिता मधे आलीच. जानेवारी २०२० मध्ये फेरबदलांसह आराखडा कलम २८(४) खाली प्रसिद्ध झाला आणि आमचा गट जांभळा. पूर्ण १ हेक्टर २० आर. दक्षिणेच्या कडेला झाडांचा पट्टा सोडायची शिफारस, सरांच्या बाजूने. रस्ता मात्र जागच्या जागी, त्यांचं म्हणणं पुढचे रस्ते त्यालाच जोडलेत. त्या संध्याकाळी भरीत-भाकरीचा बेत केला, नाना दोन भाकरी जास्त जेवले, आणि मला वाटलं संपलं.

संपत नसतं. नगरपरिषदेने केलेला बदल शासनाने मंजूर करावा लागतो, कलम ३१. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. दाळमिल अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे पास काढून मिल चालू होती, पण फाईल मंत्रालयात कुठे आहे कोणाला ठाऊक. डिसेंबर २०२० ला नवीन एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, यूडीसीपीआर, मुंबई आणि काही भाग सोडून सगळ्या राज्याला एकच, त्यामुळे आर्किटेक्टने जुन्या नियमांवर केलेली शेडची ड्रॉइंग परत केली. परत पैसे. मी दर दोन महिन्यांनी विचारायचे, ते दर दोन महिन्यांनी सांगायचे, प्रक्रियेत आहे.

मार्च २०२२ ला आराखडा मंजूर झाल्याचं राजपत्र आलं. मी पीडीएफ उघडून आमचा गट शोधते तर यादीत नाही. दुसऱ्या यादीत होता. ईपी म्हणतात त्याला, वगळलेला भाग. म्हणजे शासनाला ज्या ठिकाणचा बदल मोठ्या स्वरूपाचा वाटतो तेवढे भाग मंजुरीतून बाजूला काढून परत एक महिना हरकतीसाठी ठेवतात. रहिवाशीचं औद्योगिक केलेलं, म्हणजे मोठा बदल. ऑफिसच्या खुर्चीत बसून मी रडले त्या दिवशी. नाना आत आले, बघितलं, काही विचारलं नाही, बाहेर जाऊन चहा सांगितला.

हे लक्षात ठेवा: राजपत्र आलं की फक्त मंजूर यादी बघून पेढे वाटू नका, वगळलेल्या भागाची सूची पण वाचा. अनेकांना वाटतं आपलं झालं, आणि तो एक महिना निघून जातो.

परत तीच फाईल, आता दुप्पट जाड. सुनावणी ऑगस्टमध्ये नाशिकला. पहाटेची एसटी, सहा तास, पाऊस. या वेळी एक गोष्ट वेगळी होती. सरांनी स्वतःहून पत्र दिलं, की धूळयंत्र बसवल्यापासून त्रास बराच कमी आहे, झाडांचा पट्टा राहणार असेल तर आमचा विरोध नाही. मी मागितलं नव्हतं. पत्रात शेवटी त्यांनी लिहिलं होतं की रात्रीचा आवाज अजून नऊऐवजी कधी कधी साडेनऊपर्यंत असतो, याची नोंद घ्यावी. मास्तर ते मास्तर. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते पत्र दोनदा वाचलं.

मे २०२३ ला ईपीची मंजुरी आली. औद्योगिक, झाडांच्या पट्ट्यासह. जूनमध्ये झोन दाखला हातात पडला, साधा एक कागद, वरती बारकोडसुद्धा नाही. ४ फेब्रुवारी २०१९ ला ज्याचा अर्ज द्यायला गेले होते तो कागद.

त्यानंतरचं तुलनेने पटपट झालं. बाकीच्या ८० आरसाठी बिनशेतीच्या परवानगीला परत उभं राहावं लागेल अशी भीती होती, पण तेव्हा जमीन औद्योगिक झोनमध्ये असली की महसूल संहितेच्या कलम ४४अ प्रमाणे खऱ्या औद्योगिक वापरासाठी आधी परवानगी लागत नव्हती, वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांत तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवायचं होतं. बांधकाम परवानगी वेगळी, ती ऑनलाइन, ती घ्यावीच लागते, आणि बिनशेती साराही भरावा लागायचा. केंद्राच्या पीएमएफएमई योजनेतून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान होतं, कर्जाला जोडलेलं, ते आम्हाला चालू युनिटच्या वाढीसाठी बसलं. शेड फेब्रुवारी २०२४ ला उभा राहिला.

खर्च विचारतात सगळे. आर्किटेक्ट दोन वेळचा मिळून ३१ हजार, मोजणी, नकला, प्रवास, झेरॉक्स धरून अजून १८-२० हजार. धूळयंत्र वेगळं. सॉर्टेक्सची किंमत या पाच वर्षांत जेवढी वाढली ती कुठे लिहायची मला कळत नाही. दिरांशी बोलणं आता सुरू झालंय, या दिवाळीला आले होते.

मागे कधी तरी अमळनेरच्या प्रताप मिलबद्दल आणि जळगावच्या खानदेश मिलबद्दल, त्या जुन्या कापडगिरण्यांबद्दल, नाना सांगत होते, त्यांच्या लहानपणी भोंगा झाला की गाव घड्याळ लावायचं. तेव्हा मिल गावातच असायची, लोक मिलच्या आजूबाजूला राहायला यायचे आणि कोणाला काही वावगं वाटायचं नाही. आता नकाशात दोघांमध्ये रेषा लागते. सरांच्या आईचा तो पंप बघितल्यापासून रेषा नकोच असं मी तरी म्हणत नाही. फक्त ती कुठे मारायची हे ठरवताना मे महिन्यात येऊन बघावं, एवढंच.

रस्ता राहिलाच. मागच्या महिन्यात माणसं आली, टेप धरून आमच्या पटांगणावर तांबड्या रंगाची रेष मारून गेली, पूर्वेचं साधारण नऊ मीटर जाणार. मोबदला काय, कसा, त्याचा अर्ज दिलाय, तो वेगळा विषय. नव्या तुरीचा पहिला ढीग सोमवारी पसरला. नानांनी रेषेच्या अलीकडे पसरला, पलीकडे पसरला, आणि फावड्याने मधली रेषही झाकून टाकली. मी म्हटलं नाना, तिथे रोड येणार आहे. म्हणाले, "रोड यी तवय यी. तवलोंग तूर वाळू दे."